रामआप्फेल

उर्जाची नाळ पडली त्या सकाळी आमच्या घरात एकच पेच होता, तो म्हणजे ती कुठल्या डब्यात टाकायची.

हेबामे, म्हणजे बाळंतिणीला घरी येऊन तपासणारी सुईण, स्वभावानं फार भली होती. तिनं ती वाळून काळी पडलेली काडी हातमोजातल्या बोटांत धरली, बाळाची बेंबी बघून समाधानानं मान हलवली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. तिथे सिंकखाली आमचे कचऱ्याचे डबे. जर्मनीत काहीही टाकण्याआधी विचार करावा लागतो. ही ओल्या कचऱ्यात जाते की उरलेल्यात, यावर तिचं आणि माझं एकमत होईना. चर्चा ऐन रंगात आलेली असताना आई मागून आली, तिच्या बोटांतून नाळ काढून घेतली आणि खोलीत निघून गेली. हेबामे माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "आल्झो," म्हणजे तर मग, "तिसरा डबा निघाला."

तो तिसरा डबा म्हणजे अप्पांच्या चष्म्याचं घर. अप्पा, माझे वडील, सुदाम गुरुजी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. चष्मा माझ्या भावानं, अनुपनं, कुणा गरजूला दिला. घर मात्र आईनं ठेवून घेतलं आणि ते बीड जिल्ह्यातल्या धारूरहून थेट स्टुटगार्टपर्यंत पिशवीतून आणलं. माझ्या बाळंतपणाला ती सप्टेंबरात आली होती आणि व्हिसाप्रमाणे डिसेंबरात परत जाणार होती. त्या घरात तिनं नाळ फडक्यात गुंडाळून ठेवली, ते टिचकन बंद केलं आणि जाहीर केलं, की ही धारूरला जाणार. आमच्या परड्यातल्या सीताफळाखाली.

त्या झाडाखाली माझी नाळ आहे, अनुपचीही आहे. माझ्या जन्माच्या वेळी अप्पांनी तिथं बी टोचलं होतं. बालाघाटाच्या मुरमाड जमिनीत दुसरं काही नीट येत नाही, पण सीताफळ कुणी न विचारता येतं आणि शेळ्याही त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. आईच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मला वाईट वाटलं. माझं वाईट वाटणं नेहमी रागाचे कपडे घालूनच बाहेर पडतं, त्यामुळे मी आवाज चढवून विचारलं, की मग ही पोर कुठली? आई म्हणाली, "धारूरची. दुसरी कुठली असणार? हितं तुमच्या पायाखाली दुसऱ्याचं छत, डोक्यावर दुसऱ्याची फरशी. पुरायला वीतभर माती न्हाय."

खोटं काय होतं त्यात? आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, भाड्यानं. पण मी या गावात आठ वर्षं काढली होती, गेर्लिंगेनच्या ऑफिसात माझ्या नावाची खुर्ची होती, माझं लेकरू इथल्या टेकडीवरच्या दवाखान्यात जन्मलं होतं. ती नाळ विमानात बसून गेली, तर त्याचा अर्थ मला सरळ दिसत होता. आईच्या मनात आम्ही इथं कामाला आलेलो आहोत, राहायला नाही. आणि आपली नात तिला या घरात पाहुणी वाटते. मला हे सहन होईना. यशपालला, माझ्या नवऱ्याला, विचारलं तर तो म्हणाला मला सकाळी कामावर जायला नेकारसुल्मची गाडी गाठायचीय. जावई माणूस, सासूच्या आणि बायकोच्या मधे कशाला पडेल? त्याच्या जागी मी असते तर मीही गाडीच गाठली असती.

आता खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्लेंबद्दल, म्हणजे हेबर्लेबाईंबद्दल, सांगायला हवं.

नाव ऐकून कुणालाही गोरीपान, निळ्या डोळ्यांची श्वाबियन, म्हणजे इथल्याच मुलखातली, म्हातारी डोळ्यांसमोर येईल. फ्राऊ हेबर्ले जमैकाच्या. तरुणपणी नर्स म्हणून इथं आल्या, ट्राम चालवणाऱ्या हेबर्लेंच्या प्रेमात पडल्या, लग्न केलं, आणि आता विधवा होत्या. त्यांची जर्मन इतकी अस्सल इथल्या मातीतली, की परीक्षा पास होऊन मिळवलेली माझी जर्मन त्यांच्यापुढे लंगडी पडायची. आई त्यांना 'वेस्टिंडीजवाली बाई' म्हणायची. अप्पा रेडिओला कान लावून वेस्ट इंडीजची क्रिकेट मॅच ऐकत, तेवढीच तिची त्या मुलखाची ओळख.

या बाई आमच्या बिल्डिंगच्या केरवोखंच्या स्वयंघोषित रखवालदार होत्या. केरवोखं म्हणजे झाडायचा आठवडा. स्टुटगार्टात बिल्डिंगीचा जिना आणि समोरचा रस्ता भाडेकरू पाळीपाळीनं झाडतात. ज्याची पाळी, त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. आठवडा संपला की ती शेजारच्याच्या दारावर जाते. एकदा मी विसरले, तर फ्राऊ हेबर्लेंनी बेल वाजवून मला माझ्याच दारावरची पाटी वाचून दाखवली होती.

आई आली त्याच आठवड्यात पाटी आमच्याकडे आली. पोट सांभाळत मी झाडू घेऊन निघाले, तर आईनं दार अडवलं. तिचा चेहरा उतरला होता. अप्पांची आई, म्हणजे माझी आजी, गावाच्या गल्ल्या झाडायची. कुणी पाळी लावून दिली म्हणून नाही. ते तिच्या जातीला नेमून दिलेलं काम होतं म्हणून. धम्म घेतल्यावर आमच्या घरानं ते काम टाकलं, आणि अप्पांचा नियमच होता, की आपल्या घरातली बाई दुसऱ्याचा उंबरा झाडणार नाही. आणि त्यांची इंजिनीयर मुलगी परदेशात जिना झाडायला निघाली होती.

मी सांगितलं, आई, इथं सगळेच झाडतात. तिला पटलं नाही. सगळे म्हणजे कोण? वरचे डॉक्टर? तेही. घरमालक इथं राहिला असता तर? त्यानंही झाडलं असतं. पुढचा आठवडा डॉक्टरांचा होता. आईनं शनिवारी सकाळी दाराच्या भोकाला डोळा लावून मुक्काम ठोकला. नाश्ताही तिथंच उभ्यानं केला. अखेर डॉक्टर आले, झाडू-सुपली घेऊन, पायरीपायरीनं खाली सरकत. आई भोकापासून बाजूला झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते. अप्पांनी हे बघायला पाहिजे होतं, म्हणाली. मग नाक पुसून विचारलं, "काय म्हणतात ह्याला?" केरवोखं, मी म्हटलं. "केर? मग मराठीच की."

त्यानंतर आमची पाळी आली की ती मला झाडूला हात लावू देईना. ती असा जिना झाडी की फ्राऊ हेबर्ले दार उघडून नुसत्या बघत उभ्या राहत. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी बोलणं भरपूर चाले. तीन मजल्यांवर ऐकू जाई.

तर, नाळेचं भांडण झाल्यावर मी बाबागाडी घेऊन खाली उतरले आणि फ्राऊ हेबर्लेंपाशी गाऱ्हाणं मांडलं. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, त्यांच्याकडेही असंच असतं. बाळाची नाळ परड्यात पुरतात आणि वर फळाचं झाड लावतात. ते झाड त्या मुलाचं. मूल कुठं का जाईना, त्याचं झाड कुठलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. भांडणात आईसुद्धा म्हणते, तुझं झाड बघ कसं गुणी आहे, आणि तू बघ. त्यांची स्वतःची नाळ जमैकातल्या सेंट एलिझाबेथच्या लाल, कोरड्या मातीत, एका स्वीटसॉपच्या झाडाखाली होती. ते फळ बाजारात फारसं जात नाही. ते घरच्यांचं फळ. पाखरांच्या आणि वटवाघळांच्या आधी आपण उठलो तर आपलं. खेळून आलेली पोरं झाडाखालीच बसून खातात आणि बिया कोण लांब थुंकतो याची शर्यत लावतात.

मग त्यांनी मधल्या मजल्याच्या खिडकीकडे बोट केलं. तिथं जिन्यात एक मोठी कुंडी होती. जिन्यात काही ठेवायचं नाही असा बिल्डिंगीचा नियम आणि तो सर्वांत जास्त पाळणाऱ्या बाईंचीच ती कुंडी. म्हणून कुणी बोलत नसे. तसल्याच झाडाचं रोप त्यांनी एका प्रदर्शनातून आणून वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. फळ कधी धरलं नाही. थंडी लागली की पानं गाळून बसायचं, आत्ताही नुसती काठी होती. "घे," त्या म्हणाल्या, "तुझ्या लेकीची नाळ यात पूर. कुंडी मोठी आहे."

मी कुंडीतली पाटी वाचली. त्यावर जर्मनमध्ये लिहिलं होतं, राम-आप्फेल. राम. आप्फेल म्हणजे सफरचंद, म्हणजे फळ. आता यात कळायला काय अवघड होतं? मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले आणि आईला म्हटलं, माती मिळाली, झाड मिळालं, आणि झाडही आपल्या ओळखीचं, रामफळ आहे.

आईचं तोंड रामफळ खाल्ल्यासारखंच झालं. "रामफळाखाली? ह्यांना रामफळ कधी आवडलं न्हाय. माती खाल्ल्यावाणी लागतं म्हणायचे." शिवाय तिनं ती काठी दर पाळीला झाडताना बघितली होती. वाळल्या काठीखाली जित्या लेकराची नाळ पुरायची? कामून? ती खोलीत गेली आणि चष्म्याचं घर बॅगेच्या तळाशी, साड्यांच्या खाली ठेवून आली. मला कळावं म्हणून बॅगेचं कुलूप जरा जास्तच जोरात लागलं.

त्यानंतर आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. ती उर्जाला न्हाऊ घाली, धुरी देई, मला डिंकाचे लाडू खाऊ घाली, आणि मधेच म्हणे, यंदा सीताफळाचा बार कोण उतरवणार, सगळी पाखरं खाणार. अप्पा असताना दोघं मिळून फळं उतरवायची. अप्पा खालून सांगायचे, त्याचे डोळे उघडलेत, ते काढ. फळाच्या खवल्यांमधल्या भेगा पांढरट दिसू लागल्या की आमच्याकडे म्हणतात, डोळे उघडले. मग ते तांदळात घालून पिकवायचं. अप्पा गेल्यापासून तिनं सीताफळ तोंडात घातलेलं नव्हतं. सोडलंय असं ती म्हणायची नाही, कारण असलं सोडणं-धरणं अप्पांना खपलं नसतं. नुसती म्हणायची, आज नको.

जायचा आठवडा आला. पाटीही नेमकी आमच्याच दारावर होती. शनिवारी दुपारी आई शेवटचा जिना झाडत होती आणि मी वर उर्जाला घेऊन बसले होते. खालून बोलण्याचा आवाज आला, आणि मग एकदम थांबला. या दोघी एकाच वेळी गप्प, म्हणजे कुणीतरी पडलं असणार. मी बाळाला घेऊन खाली धावले.

कुणी पडलं नव्हतं. दोघी पायरीवर शेजारीशेजारी बसल्या होत्या, झाडू बाजूला उभा. फ्राऊ हेबर्लेंची भाची लंडनहून आली होती आणि तिनं तिथल्या बाजारातून मावशीसाठी दोन फळं आणली होती. त्यातलं एक बाईंनी हातानं फोडून आईपुढे धरलं होतं. आई त्या पांढऱ्या गराकडे नुसती बघत होती.

"शिताफळ," ती म्हणाली.

"स्वीटसॉप," फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या.

आईनं एक फाक उचलली. दोन वर्षांनी. बी जिभेवर घोळवून तळहातावर काढली आणि मग तिला रडू आलं. तोंड भरलेलं, डोळे वाहतायत, आणि हात दुसऱ्या फाकेकडे गेलेला. फ्राऊ हेबर्लेंनी फळ तिच्याकडे आणखी सरकवलं. त्यांचेही हात चिकट झाले होते आणि त्यांनीही बिया तळहातावर जमवल्या होत्या. दुसरं फळ आईनं हातात घेऊन फिरवून बघितलं, दाबलं, आणि मला म्हणाली, हिला सांग, ह्याचे डोळे आत्ताच उघडलेत, तांदळात ठेव, घाई करू नको. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे कागदात गुंडाळतात, पण बघते तुमचे तांदूळ.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कुंडीकडे बोट करून विचारलं, हे त्याच फळाचं झाड?

"जा, गेनाऊ," फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या, म्हणजे हो, अगदी तेच. दुसरं कशाचं असणार?

राम म्हणजे जर्मनमध्ये साय. सायीसारखा गर, म्हणून सायफळ. मला हा शब्द माहीत नव्हता अशातला भाग नाही. सायीतला पालक, राम-स्पिनात, आमच्या फ्रीजरमध्ये कायम असतो. त्याला मी कधी रामाचा पालक समजले नव्हते. पण फळ म्हटल्यावर धारूर आडवं आलं, आणि मी खुशाल सीताफळाचं रामफळ करून आईच्या गळ्यात मारलं.

आईला समजावून सांगितलं, तर आधी ती पोट धरून हसली. मग थांबली. अप्पा वर्गात मुलांना सांगायचे, की सीताफळाचा आणि सीतेचा काही संबंध नाही, हे झाड समुद्रापलीकडचं, वेस्ट इंडीजच्या बाजूचं. गाव त्यांना हसायचं. आईही हसायची. "ह्यांचं खरं निघालं गं," ती हळूच म्हणाली. तिनं फ्राऊ हेबर्लेंकडे असं पाहिलं, जसं माहेरचं माणूस वाटेत भेटल्यावर बघतात.

मग तिनं मला विचारायला लावलं, की बाईंचं ते नाळेवरचं झाड आता केवढं झालं असेल.

ते झाड राहिलं नव्हतं. एका मोठ्या वादळात मुळासकट गेलं. घराचे पत्रे गेले, मग माणसं गेली, आता तिथं दुसऱ्याच कुणाची वस्ती आहे. फ्राऊ हेबर्लेंनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मराठीत सांगता सांगता मी मांडीवरच्या उर्जाला जवळ ओढलं.

 आई तळहातावरच्या काळ्या बिया अंगठ्यानं फिरवत होती. मग म्हणाली, "इचार तिला. झाड न्हाय, घर न्हाय. मग आता ती कुठली?"

मला असलं विचारणं जिवावर आलं, पण विचारलं. फ्राऊ हेबर्लेंना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी भिंतीला टेकलेला झाडू बघितला, झाडून लख्ख झालेल्या पायऱ्या बघितल्या आणि खांदे उडवून आपल्या गावठी जर्मनमध्ये म्हणाल्या,

"दो, वो इ केर."

मी झाडते, तिथली. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर आईनं हात वर केला.

"कळलं," ती म्हणाली.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, वर गेली. कुलूप उघडल्याचा आवाज आला. खाली आली तेव्हा तिच्या एका हातात चष्म्याचं घर होतं आणि दुसऱ्या हातात माझा वरण वाढायचा डाव. कुंडीतली माती थंडीनं घट्ट झाली होती. फ्राऊ हेबर्लेंनी ती चुरून मोकळी केली, आईनं खड्डा केला. नाळ ठेवताना तिचे ओठ हलत होते. बुद्धं सरणं तेवढं मला ऐकू आलं. फ्राऊ हेबर्लेंनी मान खाली घालून आमेन म्हटलं.  मी उर्जाच्या टाळूवर तोंड टेकवून रडत होते आणि मला राग अजिबात आलेला नव्हता.

रिकाम्या झालेल्या घरात आईनं पायरीवर काढून ठेवलेल्या बिया भरल्या. धारूरला, अप्पांच्या झाडाशेजारी टोचायला. वेस्टिंडीजवालीचंबी कुठंतरी पायजे, म्हणाली.

कुंडीभोवती माती सांडली होती. मी झाडू उचलायला वाकले, तर आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि माती भरून घेतली. मग ती उर्जापुढे बसली. उर्जा जागी होती आणि त्या झाडूच्या टोकाकडे टक लावून बघत होती.

"पायावर उभी ऱ्हायली की हिला झाडू दे हातात," आई मला म्हणाली. "हितलीच हाय ती." आणि थोडं थांबून, बाळाची मूठ आपल्या चिकट हातात धरून म्हणाली, "पण पाळीनं. सगळ्यांच्या पाळीनं."